वनस्पतीची साक्ष

आमच्याकडील बहुतेक देवळांच्या आवारात तुळशीवृंदावनाच्या बाजूस सदाफुलीची चार-दोन झाडे असावयाचीच. उन्हाळा असो वा पावसाळा, कोणी पाणी घालो वा न घालो, ती आपली फुलत असतात आणि सकाळच्या पूजेस फूल कमी पडू देत नाहीत. अलीकडे मात्र ह्या गरीब झाडाला एक वेगळीच ख्याती लाभली आहे. ह्याचा पाला कर्करोगावर गुणकारी आहे असे एकजण सांगतो, दुसरा त्यास दुजोरा देतो, आणि तिसऱ्या दिवशी झाडाचे शेंडे खुडलेले दिसतात.

ही ख्याती निव्वळ खोटी असती तर तिजविषयी लिहिण्याचे आम्हांस कारण पडले नसते. ती अर्धी खरी आहे. आमचा व्यवसाय वकिलीचा. उघड असत्य उलटतपासणीत फार वेळ तग धरीत नाही. अर्धसत्य मात्र साक्षीदाराच्या पिंजऱ्यात ताठ उभे राहते, कारण त्याच्या पायाखाली थोडी खरी जमीन असते. म्हणून आम्हांस त्याचेच भय अधिक वाटते.

दोन वर्षांमागे एक बाई आमच्याकडे मृत्युपत्र करावयास आल्या. वयाची पन्नाशी नुकतीच ओलांडलेली, घर नीटनेटके चालविणारी, देवळातल्या पालखीला वर्षानुवर्षे न चुकता येणारी अशी ही गृहिणी. त्यांच्या स्तनात गाठ हाती लागून चौदा महिने झाले होते. गाठ दुखत नव्हती, आणि तसली गोष्ट घरातल्या पुरुषमाणसांना सांगावयाची तरी कशी, ह्या संकोचात पहिले काही महिने गेले. पुढे कोणी सदाफुलीचा पाला सांगितला, कोणी रोज सकाळी हळदीची मोठी मात्रा सांगितली. बाईंनी दोन्ही गोष्टी व्रतासारख्या पाळल्या. त्या डॉक्टरांकडे गेल्या तेव्हा रोग काखेत उतरला होता. मजकूर सांगून झाल्यावर त्या आम्हांस म्हणाल्या, "वकीलसाहेब, औषधे झाडपाल्यापासूनच होतात ना? मग माझे चुकले कुठे?"

त्या दिवशी आमच्याजवळ उत्तर नव्हते. नंतर ते शोधू लागलो, आणि ते शोधताना जो इतिहास हाती आला तोच येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत.

वनस्पतींची साक्ष लेखी नोंदविण्याचे काम ह्या किनाऱ्यावर फार पूर्वी सुरू झाले. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यास आला आणि अखेरपर्यंत येथेच राहिला. हिंदुस्थानातील औषधी द्रव्यांवरील त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ च्या एप्रिल महिन्यात गोव्यातच छापून निघाला. त्यात रुआनो नावाचा एक काल्पनिक पाहुणा ग्रीक व अरब पंडितांचे ग्रंथ पुढे करून प्रश्न विचारतो, आणि ओर्ता त्याला आपण येथे काय पाहिले, येथील वैद्यांकडून काय ऐकले ते सांगतो. हळदीवरही त्यात विवेचन आहे. जुन्या ग्रंथातले वचन एका बाजूला आणि डोळ्यांनी पाहिलेली वस्तू दुसऱ्या बाजूला, अशी ही सरळ उलटतपासणीच होय. ओर्ता १५६८ मध्ये वारला. तो ज्यू वंशाचा असल्याने १५८० साली इन्क्विझिशनने त्याची हाडे उकरून जाळली. ग्रंथ मात्र युरोपभर पसरला.

ह्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी कोचीन येथे दुसरे मोठे काम झाले. डच अधिकारी व्हान रीडे ह्याने मलबारातील वनस्पतींचा जो सचित्र लॅटिन ग्रंथ सिद्ध केला तो १६७८ ते १६९३ ह्या काळात ॲम्स्टरडॅम येथे बारा खंडांत प्रसिद्ध झाला. 'होर्तुस मलबारिकुस' हे त्याचे नाव. त्याला माहिती देणाऱ्यांत इट्टी अच्युतन हा मलबारी वैद्य होता, आणि त्याच्याबरोबर रंगभट, विनायक पंडित व आपूभट हे तीन कोकणी ब्राह्मण वैद्य होते. ह्या तिघांनी १६७५ साली दिलेले प्रमाणपत्र पहिल्या खंडात नागरी लिपीत, कोकणी भाषेत छापलेले आहे. आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या पूर्वजांनी गोमंतक सोडून दक्षिणेची वाट धरली, त्याच समाजातले हे विद्वान. त्यांचे हे प्रमाणपत्र आजच्या प्रतिज्ञापत्राच्या जातीचे आहे. आपण काय केले, कोणाच्या सांगण्यावरून केले आणि कशाच्या आधारे केले, एवढेच ते सांगतात.

ही साक्ष मोलाची आहे. परंतु ती कशाची साक्ष आहे हे नीट पाहिले पाहिजे. अमुक वनस्पती अशी दिसते, तिला असे म्हणतात आणि लोक ती अमुक व्याधीवर देतात, एवढे तीतून सिद्ध होते. ती घेतलेल्या शंभर रोग्यांपैकी किती बरे झाले, न घेतलेल्या शंभरांपैकी किती, हा प्रश्न त्या काळी कोणी विचारीतच नव्हते. त्यांनी तसा दावाही केला नाही. आपल्या सुश्रुतसंहितेत अर्बुदाची चर्चा आहे. तेथे लेप सांगितले आहेत आणि शस्त्रकर्मही सांगितले आहे. अर्बुदाचा अंश मागे राहिला तर ते पुन्हा वाढते व रोग्याचा नाश करते, सबब ते निःशेष काढावे, असा तेथे स्पष्ट इशारा आहे. पाल्यावर भागवून स्वस्थ बसावे असे सुश्रुताच्या नावावर सांगणाऱ्यांनी हा भाग वाचलेला नसतो.

आता सदाफुलीकडे वळू. ती मूळची मादागास्कर बेटावरची. तेथून ती जगातल्या सर्व उष्ण प्रदेशांत पसरली. वेस्ट इंडीजमध्ये मधुमेहावर तिच्या पानांचा काढा घेण्याची चाल होती. १९५२ साली जमैकातील एका रुग्णाने कॅनडातील डॉ. क्लार्क नोबल ह्यांना त्या पानांचे पाकीट पाठविले. त्यांनी ते आपले बंधू रॉबर्ट नोबल ह्यांच्याकडे सोपविले. हे वेस्टर्न ऑन्टॅरिओ विद्यापीठात संशोधन करीत. पानांचा अर्क प्राण्यांना पाजून पाहिला, तो रक्तातील साखरेवर काहीच परिणाम दिसेना. मग तो अर्क टोचून पाहिला, तेव्हा उंदीर जंतुसंसर्गाने मरू लागले. कारण शोधता असे आढळले की त्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या होत्या.

दुसरा एखादा संशोधक येथे निराश होऊन थांबला असता. नोबल ह्यांनी वेगळा विचार केला. जो पदार्थ पांढऱ्या पेशींची वाढ थोपवितो तो पांढऱ्या पेशींच्या कर्करोगात उपयोगी का पडू नये? चार्ल्स बीअर ह्या रसायनशास्त्रज्ञाच्या साहाय्याने त्यांनी १९५८ पर्यंत तो पदार्थ शुद्ध स्वरूपात वेगळा केला. हेच विन्ब्लास्टिन. त्याच सुमारास अमेरिकेतील एली लिली कंपनीचे संशोधकही स्वतंत्रपणे ह्याच झाडावर काम करीत होते, आणि त्यांच्या हाती विन्क्रिस्टिन लागले. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात विन्क्रिस्टिनने फार मोठे काम केले आहे. पुढे फ्रान्समधील पिएर पोतिए ह्यांनी ह्याच झाडातील द्रव्यांपासून विनोरेल्बिन तयार केले. ते पुढच्या अवस्थेतील स्तनाच्या कर्करोगात आजही दिले जाते.

ह्या हकीकतीतील दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी की लोकांची साक्ष मधुमेहाविषयी होती, आणि त्या प्रयोगांत तीच टिकली नाही. कर्करोगावरील गुण सापडला तो त्या साक्षीचा पाठपुरावा करताना, अगदी अनपेक्षितपणे. दुसरी अशी की झाडाचा तारक गुण आणि मारक गुण एकच आहे. सदाफुलीत सत्तराहून अधिक अल्कलॉइडे एकत्र असतात. त्यांतील हवे ते द्रव्य इतके थोडे असते की एक ग्रॅम विन्क्रिस्टिन मिळविण्यास शेकडो किलो वाळलेली पाने लागतात. मूठभर पाल्यात ते किती येईल, पोटातून रक्तात किती उतरेल आणि बरोबरची इतर द्रव्ये काय करतील, ह्याचा हिशेब कोणीही देऊ शकत नाही. दवाखान्यात तेच द्रव्य मिलिग्रॅममध्ये मोजून, रक्त तपासून, शिरेतून दिले जाते, आणि तरीही हातापायांच्या नसांना त्याची बाधा होऊ शकते.

स्तनाच्या कर्करोगापुरते बोलावयाचे तर सदाफुलीहूनही मोठा मान दुसऱ्या एका झाडाकडे जातो. ते यू नावाचे सूचिपर्णी झाड. त्याच्या जातीचे एक झाड आपल्या हिमालयातही आहे. गढवालकडे त्याला थुनेर म्हणतात. यू हा वृक्ष विषारी म्हणून प्राचीन काळापासून प्रसिद्ध. गॉलमधील एका पराभूत राजाने यूचे विष घेऊन प्राण दिला, असे रोमन सेनानी सीझरने नमूद केले आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९६० च्या सुमारास कृषिखात्याच्या साहाय्याने हजारो वनस्पती गोळा करून तपासण्याचा उपक्रम हाती घेतला. ह्या उपक्रमात ऑगस्ट १९६२ मध्ये आर्थर बार्कले ह्या वनस्पतिशास्त्रज्ञाने वॉशिंग्टन राज्यातील जंगलातून पॅसिफिक यूची साल व डहाळ्या जमा केल्या. ह्या झाडाची लाकूडतोड्यांना किंमत नव्हती. जंगल साफ करताना ते इतर काटक्याकुटक्यांबरोबर जाळले जाई.

ती साल नॉर्थ कॅरोलायनातील संशोधनसंस्थेत मन्रो वॉल ह्यांच्याकडे आली, आणि त्यांचे सहकारी होते मनसुख वाणी. वाणी ह्यांचा जन्म १९२५ साली नंदुरबार येथे झाला. मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकून ते पुढे अमेरिकेस गेले व तेथे त्यांनी डॉक्टरेट मिळविली. बारा किलो वाळलेल्या मालातून ह्या मंडळींच्या हाती शेवटी अर्धा ग्रॅम शुद्ध द्रव्य लागले. वॉल ह्यांनी त्यास टॅक्सोल हे नाव दिले, आणि १९७१ साली त्याची रचना त्या दोघांनी सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केली. सालीपासून ह्या एका शोधनिबंधापर्यंत नऊ वर्षे लागली. ह्या काळात एकाही रोग्याला औषधाचा थेंब मिळालेला नव्हता. वाणी ह्यांचे २०२० साली निधन झाले. त्यांचे नाव आपल्याकडे अजून फारसे कोणास ठाऊक नाही, ही खेदाची गोष्ट होय.

पुढची आठ वर्षे टॅक्सोलकडे कोणाचे विशेष लक्ष नव्हते. १९७९ मध्ये न्यूयॉर्कच्या सूझन हॉर्विट्झ ह्यांनी ते काम कसे करते हे उलगडले. पेशी दुभंगताना तिच्यात सूक्ष्म नलिकांचे जाळे विणले जाते आणि काम होताच ते उकलले जाते. सदाफुलीची द्रव्ये हे जाळे विणू देत नाहीत. टॅक्सोल ते विणू देते, पण उकलू देत नाही. दोन्ही प्रकारांत पेशीचे विभाजन अडते व ती मरते. एकाच कुलपाच्या ह्या दोन निराळ्या किल्ल्या. हा खुलासा झाला आणि त्या पडून राहिलेल्या द्रव्याला पुन्हा जीव आला.

पण अडचणी संपल्या नव्हत्या. टॅक्सोल पाण्यात विरघळत नाही. अखेर एरंडेल तेलावर प्रक्रिया करून केलेल्या एका द्रवात मद्यार्क मिसळून त्यात ते विरघळवावे लागले. १९८४ मध्ये माणसांवर चाचण्या सुरू झाल्या तेव्हा काही रुग्णांना ह्या मिश्रणाची तीव्र बाधा झाली. औषध सावकाश देणे आणि त्याआधी बाधाप्रतिबंधक औषधे देणे हे तेव्हापासून ठरून गेले. दुसरी अडचण सालीची. साल काढली की झाड मरते, आणि एका रुग्णाच्या संपूर्ण उपचारास पूर्ण वाढीचे अनेक वृक्ष लागत. जंगल वाचवावे की रुग्ण, असा प्रश्न अमेरिकेच्या संसदेपुढे आला, आणि १९९२ साली यू वृक्षाच्या तोडीचे नियमन करणारा कायदाच करावा लागला. सुटका झाली ती रसायनशास्त्राकडून. युरोपीय यूच्या हिरव्या पानांत टॅक्सोलच्या जवळचे एक द्रव्य असते. पाने खुडली तरी झाड जगते. त्या पानांपासून पोतिए ह्यांनी फ्रान्समध्ये डॉसेटॅक्सेल हे नवे औषध सिद्ध केले, आणि फ्लोरिडातील रॉबर्ट हॉल्टन ह्यांनी टॅक्सोल बनविण्याची सोयीची रीत काढली. तोवर आपल्या हिमालयातील थुनेरावरही कुऱ्हाड पडली होती; त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९५ पासून नियंत्रण आले.

१९९१ मध्ये टेक्ससमधील एका लहानशा चाचणीत रोग शरीरभर पसरलेल्या २५ स्त्रियांना टॅक्सोल दिले गेले. १४ जणींच्या गाठी स्पष्टपणे आकसल्या. १९९२ च्या अखेरीस अमेरिकेत त्यास बीजकोशाच्या कर्करोगासाठी परवानगी मिळाली आणि १९९४ मध्ये स्तनाच्या कर्करोगासाठी. टॅक्सोल हे नाव एव्हाना एका कंपनीचे व्यापारचिन्ह झाले होते, म्हणून ग्रंथांत त्यास पॅक्लिटॅक्सेल म्हणतात. नाव ठेवणारा एक आणि नावाचा मालक दुसरा, हा प्रकार वकिलास नवा नाही.

गाठ आकसणे म्हणजे आयुष्य वाढणे नव्हे. ते सिद्ध करण्यास मोठी चाचणी लागली. शस्त्रक्रिया झालेल्या व काखेपर्यंत रोग गेलेल्या ३,१२१ स्त्रियांना चिठ्ठ्या टाकाव्या तसे दोन गटांत वाटण्यात आले. एका गटास त्या वेळचे नेहमीचे रसायनोपचार दिले. दुसऱ्या गटास तेच उपचार देऊन वर पॅक्लिटॅक्सेल दिले. २००३ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की पाच वर्षांनंतर पहिल्या गटातील शंभरांपैकी ७७ स्त्रिया हयात होत्या आणि दुसऱ्या गटातील ८०. शंभरांत तीन! हा आकडा प्रथम वाचला तेव्हा आम्हांस तो क्षुल्लक वाटला. मग विचार केला की आपल्या देवळाच्या जत्रेत जमणाऱ्या बायकांतल्या तीन कोण, हे कोणी सांगावे? इतका लहान पण खरा लाभ ऐकीव गोष्टींच्या गोंगाटात कधीच दिसला नसता. तो दिसण्यासाठी तीन हजारांवर स्त्रियांनी आपला देह साक्षीला लावला.

येथे वाचक म्हणतील, हे सारे परक्या झाडांचे झाले. आमच्या हळदीचे काय? हळदीचा खटला तर आम्हां कायदेवाल्यांना विशेष जवळचा. १९९५ च्या मार्च महिन्यात अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला, जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याच्या कृतीबद्दल पेटंट देण्यात आले. आपल्याकडील प्रत्येक आजीने जे केले ते आता अमेरिकेत नवा शोध ठरले. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे तेव्हाचे महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर होते. गोव्यातील माशेल हे त्यांचे जन्मगाव. परिषदेने ह्या पेटंटास आव्हान दिले आणि संस्कृत, हिंदी, उर्दू व इंग्रजी अशा ३२ लेखी आधारांचा पुरावा पुढे ठेवला. त्यात भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकातील १९५३ चा एक लेखही होता. १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. आपल्या ग्रंथांची साक्ष परक्या न्यायासनापुढे टिकली, ह्याचा अभिमान सर्वांस वाटला. आम्हांसही वाटला, आणि आजही वाटतो.

परंतु त्या खटल्यात मुद्दा कोणता होता? हळदीने जखम बरी होते की नाही, हा मुद्दाच नव्हता. हळदीचा हा उपयोग नवा आहे की जुना, एवढाच वाद होता. पेटंटास नावीन्य लागते. जुनेपणा सिद्ध झाला, पेटंट गेले. जुनेपणाचा निकाल हा गुणाचा निकाल नव्हे. आपल्याकडे मात्र ह्या विजयाची गोष्ट सांगता सांगता हळद कर्करोगावर सिद्ध झाली असे लोक बोलू लागले. कोणत्याही न्यायालयात एका मुद्द्यावरचा निवाडा दुसऱ्या मुद्द्यावर असा लागू करू देणार नाहीत.

गुणाची चौकशी वेगळी झाली आहे, आणि अद्याप चालू आहे. हळदीतील पिवळे द्रव्य कर्क्युमिन. प्रयोगशाळेतील काचेच्या ताटलीत ते स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींची वाढ थोपविते, हे पुष्कळ प्रयोगांत दिसले आहे. अडचण अशी की पोटात घेतलेले कर्क्युमिन रक्तात अत्यल्प उतरते आणि लवकर मोडते; ताटलीत जेवढे वापरतात तेवढे ते गाठीपर्यंत पोचत नाही. अमेरिकेत रॉचेस्टर येथे किरणोपचार घेणाऱ्या स्त्रियांची त्वचा भाजल्यासारखी होते त्यावर कर्क्युमिनची चाचणी झाली. २०१३ साली ३० रुग्णांवरील चाचणीत ते उपयोगी दिसले. त्याच मंडळींनी प्रामाणिकपणे मोठी चाचणी केली, ६८६ रुग्णांवर. २०१८ मध्ये निष्कर्ष आला की किरणोपचाराच्या अखेरीस दोन्ही गटांत फरक नव्हता. आर्मेनियात १५० स्त्रियांना पॅक्लिटॅक्सेलबरोबर कर्क्युमिन शिरेतून देऊन पाहिले. २०२० च्या अहवालानुसार कर्क्युमिनच्या गटात शंभरांपैकी ५१ जणींच्या गाठी आकसल्या, दुसऱ्या गटात ३३ जणींच्या. रोग पुन्हा वाढेपर्यंतचा काळ मात्र लांबला नाही. हा दुवा पुढे नेण्याजोगा आहे, निर्णय देण्याजोगा नाही. आणि त्यातही कर्क्युमिन दिले ते रसायनोपचाराच्या जोडीला. त्याच्या जागी नव्हे.

ह्या 'जागी' शब्दावर सारे अवलंबून आहे. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी बरा होण्याजोगा कर्करोग असतानाही नेहमीचे उपचार नाकारून केवळ पर्यायी उपाय करणाऱ्या २८१ रुग्णांची तुलना उपचार घेतलेल्या ५६० रुग्णांशी केली. स्तनाच्या कर्करोगात मृत्यूचा धोका साडेपाच पटींहून अधिक वाढलेला आढळला. पाला अपायकारक नसला तरी त्यात गेलेला काळ अपायकारक असतो. आपल्या देशात २०२२ ह्या एका वर्षी सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना ह्या रोगाचे निदान झाले आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्या, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. ह्यांतील किती जणींचा काळ संकोचात गेला आणि किती जणींचा झाडपाल्यात, हे कोणत्याच तक्त्यात लिहिलेले नसते.

मुंबईत टाटा स्मारक केंद्राने १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांवर एक मोठा अभ्यास केला. त्यात प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी निम्म्या स्त्रियांचे स्तन केवळ हातांनी तपासून पाहत. वीस वर्षांचे फलित २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या गटात रोग अलीकडच्या अवस्थेत सापडला, आणि पन्नाशीपुढील स्त्रियांत मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी घटले. त्याखालील वयात तसा लाभ दिसला नाही. ह्याला मोठे यंत्र लागले नाही. शिकलेले हात आणि संकोच न बाळगणारी दोन वाक्ये एवढेच लागले. आमच्या देवस्थान समित्या सभागृहे बांधतात, महाप्रसाद करतात, विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देतात. जत्रेच्या आधी एक दिवस सभागृहाचे दार केवळ स्त्रियांसाठी उघडून तेथे अशी तपासणी करवावी, एवढी विनंती आम्ही ह्या निमित्ताने करतो.

राहता राहिला त्या बाईंचा प्रश्न. औषधे झाडापासून होतात हे त्यांचे म्हणणे खरे होते. पण झाडापासून औषधापर्यंतची वाट किती लांब असते हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. यूच्या सालीपासून स्तनाच्या कर्करोगाच्या परवानगीपर्यंत बत्तीस वर्षे गेली, आणि त्या वाटेवर विषारी भाग वेगळा झाला, मात्रा ठरली, बाधा कळली, लाभ मोजला गेला. बाईंनी चौदा महिने त्या वाटेच्या पहिल्या पायरीवरच उभे राहून काढले. गाठ लागताच प्रथम तिचा तुकडा तपासून घ्यावयास हवा होता. तो घेतल्यावर, हळद घेत आहे, अमुक काढा घेत आहे, हे डॉक्टरांना निःसंकोच सांगावयास हवे होते, कारण अशी द्रव्ये कधीकधी चालू औषधांच्या आड येतात.

हे सारे आम्ही पुढे त्यांच्या घरी जाऊन सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. तेव्हा त्यांचे रसायनोपचार सुरू होते. दर आठवड्याला शिरेतून जे औषध देत त्याच्या बाटलीवर पॅक्लिटॅक्सेल असे लिहिलेले होते. ते कोणत्या झाडाचे, हे आम्ही सांगितले तेव्हा त्या थोडे हसल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे झाडच घ्यायचे होते, पण मोजून." उपचार अजून चालू आहेत. मृत्युपत्र आमच्या कपाटात आहे, आणि ते पुष्कळ वर्षे तेथेच राहावे अशी आमची देवाजवळ प्रार्थना आहे.